ग्रुपमधला तो एक नंबर: ‘सिग्नल’ प्रकरणाचा अभ्यास

१५ मार्च २०२५, शनिवार. वॉशिंग्टनमध्ये सकाळचे ११ वाजून ४४ मिनिटं झाली होती, आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ. अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी ‘सिग्नल’ ॲपवरच्या एका ग्रुपमध्ये मेसेज टाकला. येमेनमधल्या हूथी बंडखोरांवर होणाऱ्या हल्ल्याचं ते वेळापत्रक होतं. सव्वाबाराला एफ-१८ विमानांची पहिली तुकडी उडणार, पावणेदोनला पहिल्या हल्ल्याची वेळ सुरू होणार, दोन दहाला आणखी विमानं, तीन छत्तीसला दुसरा हल्ला आणि त्याच सुमारास समुद्रातून पहिली टॉमहॉक क्षेपणास्त्रं. त्याच मेसेजमध्ये त्यांनी असंही लिहिलं होतं की ‘ऑपसेक’च्या बाबतीत आपण सध्या स्वच्छ आहोत. म्हणजे गुप्तता नीट पाळली जातेय, कुठून काही फुटलेलं नाही.

हा मेसेज वाचणाऱ्यांमध्ये ‘दि अटलांटिक’ या मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग होते. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ते घड्याळाकडे बघत होते. हा ग्रुप खरा असेल तर पावणेदोनच्या सुमाराला येमेनमध्ये बॉम्ब पडायला हवेत, असा त्यांचा हिशेब होता. एक पंचावन्नला त्यांनी ‘एक्स’ उघडून ‘येमेन’ शोधलं. राजधानी सना इथे स्फोटांचे आवाज ऐकू येत असल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या.

या प्रकरणावर राजकारणाच्या अंगानं पुष्कळ लिहून झालंय. कोण खोटं बोललं, कुणाची खुर्ची गेली, माहिती ‘गोपनीय’ या वर्गात बसते की नाही, हे सगळं. मला ते वेगळ्या कारणासाठी तपशिलात तपासावंसं वाटतं. मेसेजचा खाजगीपणा नेमका कुठे सांभाळावा लागतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. सिग्नलचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं सांकेतिक कुलूप, या सगळ्यात कुणी तोडलं नाही. कुणी फोन हॅक केला नाही, टॉवरवरून संदेश पकडला नाही. तरीही युद्धाचं वेळापत्रक परक्या माणसाच्या हातात गेलं. आणि ज्या रीतीनं ते गेलं, ती रीत आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये रोज चालू असते.

त्यांनी सिग्नल का निवडलं

हा निर्णय बावळट होता असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत एक मोठी घुसखोरी उघड झाली होती. ‘सॉल्ट टायफून’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चिनी हॅकरांच्या टोळीनं तिथल्या अनेक टेलिकॉम कंपन्यांच्या यंत्रणांत शिरकाव केला होता. साधा एसएमएस हा टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून वाचता येईल अशा रूपातच जातो. कंपनीच्याच घरात चोर बसला, तर एसएमएस त्याच्यासमोर उघडा पडतो. म्हणून १८ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था ‘सिसा’ हिनं मोठ्या पदांवरच्या लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन असलेलं ॲप वापरा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं आणि उदाहरण म्हणून सिग्नलचं नाव घेतलं होतं. एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीवर विसंबू नका, हेही त्याच कागदात होतं.

तेव्हा एसएमएस सोडून सिग्नलवर येणं ही सुधारणाच होती. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमध्ये मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवरच बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरकडे किल्लीच नसते. सिग्नलनं बांधलेली हीच पद्धत व्हॉट्सॲपही वापरतं. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी ती सगळ्या वापरकर्त्यांना लागू केली. त्यामुळे मजकूर वाटेत पकडला जाण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या मंत्र्याचा ग्रुप आणि आपला ‘मावशीकडचे सगळे’ हा ग्रुप जवळजवळ एकाच पातळीवर आहेत.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोललं, ही माहिती मजकुरापासून वेगळी असते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीनं (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं) सिग्नलकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली होती. त्यांतल्या एकाच नंबरवर खातं होतं. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच ते देऊ शकले, कारण त्यांच्याकडे दुसरं काही साठवलेलंच नव्हतं. व्हॉट्सॲपकडे याहून बरीच जास्त माहिती जमा होते. स्रोत जपायचा असलेल्या पत्रकारासाठी किंवा अशील जपायचं असलेल्या वकिलासाठी हा फरक मोठा आहे.

नंबर ग्रुपमध्ये आला कसा

११ मार्चला गोल्डबर्ग यांना सिग्नलवर ‘मायकेल वॉल्ट्झ’ या नावानं संपर्काची विनंती आली. वॉल्ट्झ हे तेव्हा राष्ट्राध्यक्षांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. दोन दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला, गोल्डबर्ग यांना ‘हूथी पीसी स्मॉल ग्रुप’ या ग्रुपमध्ये घेतल्याची सूचना आली. कुणीतरी आपल्याला फसवतंय, असंच त्यांना आधी वाटलं.

पुढे ६ एप्रिलला ‘द गार्डियन’नं व्हाइट हाउसच्या अंतर्गत तपासाच्या आधारानं जी हकीगत छापली, ती सावकाश वाचण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणुकीच्या आधी, गोल्डबर्ग यांनी एका बातमीसंदर्भात ट्रम्प यांच्या प्रचार कार्यालयाला ईमेल पाठवला. तो ब्रायन ह्यूज या प्रवक्त्याकडे गेला. ह्यूज यांनी तो मजकूर जसाच्या तसा उचलून वॉल्ट्झ यांना मेसेज केला. ईमेलच्या तळाशी असते तशी गोल्डबर्ग यांची सही होती आणि त्यात त्यांचा फोन नंबर. आयफोनमध्ये एक सोय आहे: मेसेजमध्ये एखादा अनोळखी नंबर दिसला, की तो या माणसाचा असावा असा अंदाज बांधून फोन तो कॉन्टॅक्टमध्ये जोडायला सुचवतो. ह्यूज यांच्याकडून आलेल्या मेसेजमध्ये नंबर होता, म्हणून फोननं तो ह्यूज यांचाच धरला. कॉन्टॅक्टमध्ये नाव ह्यूज यांचं, नंबर गोल्डबर्ग यांचा. पाच महिने तो तसाच पडून राहिला. मार्चमध्ये वॉल्ट्झ यांना ग्रुपमध्ये ह्यूज हवे होते. त्यांनी ह्यूज यांचं नाव निवडलं आणि गोल्डबर्ग आत आले.

गोल्डबर्ग यांनी फोन नंबर असे आपोआप एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये शोषले जात नाहीत, असं त्याआधीच सुनावलं होतं, आणि वॉल्ट्झ यांना आपण पूर्वी भेटलो असल्याचंही सांगितलं होतं. त्यामुळे व्हाइट हाउसची हकीगत अक्षरशः खरी मानायची की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण तपास करणाऱ्यांनी सांगितलेलं कारण आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घडण्याजोगं आहे, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. आपली फोनबुक आपण स्वतः लिहिली, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात कितीतरी नोंदी फोननं सुचवलेल्या, कुणी पाठवलेल्या कॉन्टॅक्ट कार्डवरून आलेल्या, जुन्या फोनच्या बॅकअपमधून उतरलेल्या असतात. एका नावाखाली तीन नंबर असतात आणि कुठला चालू, कुठला कुणाला देऊन टाकलेला, हे माहीत नसतं.

याहून मोठी चूक मला दुसरी वाटते. त्या ग्रुपमध्ये १८ सदस्य होते. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स, परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो, गुप्तचर विभागाच्या प्रमुख तुलसी गॅबर्ड, सीआयएचे प्रमुख जॉन रॅटक्लिफ यांच्यापैकी कुणीही सदस्यांची यादी उघडून पाहिल्याचं दिसलं नाही. बरेच जण आद्याक्षरांनीच दिसत होते: ‘एमएआर’, ‘टीजी’, ‘एसएम’. गोल्डबर्ग ‘जेजी’ म्हणून दिसत होते. सरकारात जेमिसन ग्रीअर नावाचे व्यापार प्रतिनिधीही होते, त्यांची आद्याक्षरं तीच. ‘जेजी’ म्हणजे कोण, असा प्रश्न अडीच दिवसांत एकानंही विचारला नाही. ग्रुपमध्ये चर्चा मात्र मोकळेपणानं चालली होती. युरोपला पुन्हा एकदा वाचवायला जायचं आपल्याला आवडत नाही, असं व्हान्स यांनी लिहिलं. मित्रराष्ट्रांबद्दल असं बोलणं चार भिंतींच्या आत होतच असतं. पण आत कोण बसलंय याची खात्री करूनच ते होतं.

सिग्नलमध्ये आणि व्हॉट्सॲपमध्येही प्रत्येक संपर्काचा साठ आकडी सुरक्षा क्रमांक असतो. दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या फोनवरचा कोड स्कॅन करतात, जुळला की खात्री पटते. फार थोडे लोक हे करतात. वॉल्ट्झ यांनी ह्यूज यांच्याशी एकदा जरी तो कोड जुळवला असता, तरी तो जुळला नसता आणि नंबर परक्याचा आहे हे तिथेच कळलं असतं. ज्यांच्याशी खरोखर नाजूक बोलणं होतं, अशा दोनचार जणांशी एवढं करायला पाच मिनिटं लागतात.

नाहीसे झालेले मेसेज

वॉल्ट्झ यांनी या ग्रुपमधले काही मेसेज एका आठवड्यानं आणि काही चार आठवड्यांनी आपोआप पुसले जातील, अशी व्यवस्था केली होती. आता पुढे काय झालं पाहा.

हल्ल्यानंतर ग्रुपमध्ये अभिनंदनं झाली. वॉल्ट्झ यांनी मूठ, झेंडा आणि आग अशी तीन चिन्हं टाकली. पहिलं लक्ष्य असलेला माणूस त्याच्या मैत्रिणीच्या इमारतीत शिरताना पक्का ओळखला गेला होता आणि ती इमारत आता कोसळली आहे, असंही त्यांनी लिहिलं. या एका वाक्यातून शत्रूला केवढी गोष्ट समजते: त्या माणसावर, त्या दाराशी, त्या वेळी कुणाची तरी नजर होती. निकाल सांगणारा साधा मेसेजही स्रोत उघडा करू शकतो.

गोल्डबर्ग यांनी स्क्रीनशॉट घेऊन ठेवले आणि मग ते स्वतःहून ग्रुपमधून बाहेर पडले. ग्रुप ज्यानं बनवला त्याला सूचना जाते हे त्यांना माहीत होतं. ‘तुम्ही कोण, का बाहेर पडलात’ असं विचारायला कुणीही आलं नाही. २४ मार्चला त्यांनी लेख प्रसिद्ध केला, तेव्हा हल्ल्याचे तपशील गाळले होते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या वतीनं संवाद खरा दिसतो अशी कबुली प्रवक्त्यानं दिली. हे प्रवक्ते ब्रायन ह्यूजच. यात गोपनीय काही नव्हतं, असं सरकार म्हणायला लागल्यावर २६ मार्चला ‘दि अटलांटिक’नं मजकूर छापला.

दुसऱ्या बाजूला, सरकारी नोंदी जपण्यासाठी न्यायालयात खटला उभा राहिला आणि न्यायाधीशांनी ११ ते १५ मार्चचे मेसेज सांभाळून ठेवायला सांगितलं. तेव्हा सीआयएनं कळवलं की रॅटक्लिफ यांच्या खात्यात ग्रुपचं नाव, सेटिंग असले तपशील आहेत, प्रत्यक्ष संवाद उरलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल बाहेर आला. हेगसेथ यांनी वैयक्तिक फोनवरून अशी माहिती पाठवणं खात्याच्या नियमांना धरून नव्हतं आणि त्यानं सैनिकांच्या जिवाला धोका होऊ शकला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. पण तपास करणाऱ्यांना मूळ मेसेज पुरते मिळालेच नाहीत. त्यांना मासिकानं छापलेल्या मजकुराचा आधार घ्यावा लागला.

म्हणजे ज्यांच्याकडे तो मजकूर राहायला हवा होता त्यांच्याकडून तो गेला, आणि ज्याच्याकडे तो असायलाच नको होता त्याच्याकडे तो सुरक्षित राहिला. नाहीसे होणारे मेसेज ही सोय वाईट नाही. फोन चोरीला गेला, दुरुस्तीला दिला, कुणी हिसकावून पाहिला, तर जुना मजकूर सापडू नये यासाठी ती उत्तम आहे, आणि मी ती वापरावी असंच सांगेन. पण समोरच्या माणसावर तिचा कसलाही ताबा चालत नाही. तो स्क्रीनशॉट घेऊ शकतो, दुसऱ्या फोननं फोटो काढू शकतो, वहीत उतरवून घेऊ शकतो. व्हॉट्सॲपचं ‘व्ह्यू वन्स’ ही तसलीच सोय आहे. स्क्रीनशॉट अडवला तरी दुसऱ्या फोनचा कॅमेरा अडवता येत नाही.

प्रकरणाचा दुसरा अंक: नकली सिग्नल

पहिल्या अंकात चूक माणसाची होती. दुसऱ्या अंकात ॲपच वेगळं निघालं.

३० एप्रिल २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना रॉयटर्सच्या छायाचित्रकारानं एक फोटो घेतला. टेबलाखाली वॉल्ट्झ फोन बघत होते आणि पडद्यावर पिन टाकण्याची सूचना दिसत होती. पत्रकारांनी फोटो मोठा करून वाचला, तर तिथे सिग्नलच्या नावाऐवजी ‘टीएम एसजीएनएल’ असं लिहिलं होतं. हे होतं ‘टेलिमेसेज’ या कंपनीनं सिग्नलचा कोड घेऊन बनवलेलं दुसरंच ॲप. दिसायला सिग्नलसारखं, ते वापरणारे खऱ्या सिग्नलवरच्या लोकांशीही बोलू शकत. फरक एवढाच की प्रत्येक मेसेजची एक प्रत जतन करण्यासाठी बाहेरच्या सर्व्हरवर जायची. सरकारी आणि बँकांच्या कामात नोंदी ठेवणं कायद्यानं गरजेचं असतं, त्यामुळे असल्या सेवांना मागणी आहे. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, वॉल्ट्झ यांना पदावरून हटवल्याचं आणि संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूतपदासाठी त्यांचं नाव सुचवल्याचं जाहीर झालं.

त्यानंतर चारच दिवसांत ‘४०४ मीडिया’ या संकेतस्थळानं बातमी दिली की एक हॅकर टेलिमेसेजच्या सर्व्हरमध्ये शिरला असून त्याच्या म्हणण्यानुसार त्याला १५ ते २० मिनिटं पुरली. अमेरिकेच्या सीमा आणि सीमाशुल्क विभागाशी संबंधित माहितीही त्याच्या हाती लागली होती. फोनपासून त्या साठवणुकीच्या जागेपर्यंत संदेश एन्ड-टू-एन्ड बंद नसतात, हे तज्ज्ञांनी कोड तपासून दाखवलं. कंपनीनं सेवा थांबवली आणि ‘सिसा’नं ही त्रुटी प्रत्यक्ष वापरात आलेल्या धोक्यांच्या यादीत घातली.

आता असं ॲप वापरणाऱ्याशी जो बोलतोय, त्याचा विचार करा. आपण खरं सिग्नल वापरतोय, सुरक्षा क्रमांक जुळलाय, मेसेज चार आठवड्यांनी पुसला जाणार आहे. पण पलीकडच्याच्या फोनवर वेगळं ॲप आहे, आणि आपल्या शब्दांची प्रत तिसऱ्याच ठिकाणी साठतेय. हे आपल्या पडद्यावर कुठेही दिसत नाही.

आपल्याकडे याचं अगदी जवळचं रूप म्हणजे ‘जीबी व्हॉट्सॲप’. ब्लू टिक लपवता येते, एका फोनवर दोन नंबर चालतात, पुसलेले मेसेज वाचता येतात, म्हणून कॉलेजच्या पोरांपासून दुकानदारांपर्यंत कितीतरी जण ते एपीके फाइलवरून टाकून घेतात. ते व्हॉट्सॲपनं बनवलेलं नाही, प्ले स्टोअरवर नाही, आणि आत काय चालतं हे तपासायला कुणी बसलेलं नाही. व्हॉट्सॲप अशा वापरकर्त्यांची खाती बंद करतं. ज्याच्याकडे जीबी आहे त्याचा धोका त्याच्यापुरता मर्यादित राहत नाही. त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचा मजकूर त्या ॲपमधून जातो. घरात कुणाच्या फोनवर ते असेल तर काढून टाकायला लावा. याबाबतीत माझं मत ठाम आहे.

याच काळातली आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुगलच्या सुरक्षा पथकानं दाखवून दिलं होतं की रशियाशी संबंधित टोळ्या सिग्नल वापरणाऱ्यांना खोटे क्यूआर कोड पाठवत होत्या. ग्रुपमध्ये सामील व्हा, असं सांगून दिलेला तो कोड खरं तर ‘लिंक्ड डिव्हाइस’ जोडणारा असायचा. स्कॅन केला की हल्लेखोराचा संगणक आपल्या खात्याला जोडला जायचा आणि पुढचा प्रत्येक मेसेज त्यालाही मिळत राहायचा. एन्क्रिप्शन त्याच्यासाठीही तेवढंच चोख चालायचं, कारण यंत्रणेच्या दृष्टीनं तो आपलाच दुसरा फोन. याचा आपल्या घरांशी संबंध थेट आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी व्हॉट्सॲप वेब उघडलं आणि तसंच सोडून आलो. ऑफिसचा जुना लॅपटॉप परत केला पण खातं जोडलेलंच राहिलं. नवऱ्यानं किंवा मुलानं मिनिटभर फोन हातात घेऊन आपला टॅब जोडून घेतला. सेटिंग्जमधलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा आणि ओळखीचं नसेल ते तिथल्या तिथे लॉग आउट करा. मेसेजच्या खाजगीपणासाठी एकच गोष्ट करायला वेळ असेल, तर मी हीच करायला सांगेन.

आपल्या ग्रुपमध्ये

सोसायटीचा ग्रुप घ्या. भाडेकरू दोन वर्षांपूर्वी सोडून गेले, दलालाचा नंबर कधीतरी घातला होता, जुने वॉचमन, लिफ्टवाले, एका फ्लॅटची विक्री झाली पण आधीचे मालक अजून आत. आणि त्यात संध्याकाळी मेसेज पडतो: ‘आम्ही आठ दिवस गावाला चाललोय, पेपर आणि दूध बंद करायला सांगा.’ शाळेच्या पालकांच्या ग्रुपमध्ये मुलांचे फोटो, आजारपणं, रिक्षावाल्या काकांचा नंबर आणि सुटीच्या वेळा असतात. हे सगळं एन्क्रिप्टेड आहे. आत कोण आहे, हे मात्र ॲडमिनलाही सांगता येत नाही.

म्हणून ॲडमिननं ठरावीक काळानं यादी वाचावी आणि ज्या नंबरला नाव नाही किंवा फक्त आद्याक्षरं आहेत, त्याला ‘आपण कोण?’ असं ग्रुपमध्येच विचारावं. यात कुणाचा अपमान होत नाही. वॉल्ट्झ यांच्या ग्रुपमध्ये कुणी तेवढं विचारलं असतं, तर हे प्रकरण घडलंच नसतं. नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल, अशी सेटिंग चालू ठेवावी. आमंत्रणाची लिंक फॉरवर्ड होत फिरते, ती अधूनमधून रद्द करून नवी करावी. स्वतःसाठी प्रायव्हसीत जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकेल, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवावं. चॅटच्या बॅकअपचं एन्क्रिप्शन व्हॉट्सॲपनं २०२१ मध्ये आणलं, पण ते आपण स्वतः चालू करावं लागतं. तोवर फोनवर बंद असलेला मजकूर क्लाउडमध्ये त्या संरक्षणाशिवाय पडून असतो.

कागदपत्रांचं वेगळं. हॉटेलवाले, एजंट, कुरिअरवाले व्हॉट्सॲपवर आधार मागतात आणि आपण दोन्ही बाजूंचा फोटो पाठवून मोकळे होतो. आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. द्यायचंच असेल तर ते द्यावं, आणि काम झाल्यावर तो फोटो पुसायला सांगायला संकोच करू नये.

चुकीच्या ग्रुपमध्ये मेसेज गेला, तर व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत आणि सिग्नलवर २४ तासांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसल्याची खूण मात्र राहते आणि तोवर कुणी वाचलेलं असू शकतं. त्यात पासवर्ड किंवा खात्याचा तपशील असेल, तर मेसेज पुसून थांबू नये. पासवर्ड बदलावा, बँकेला कळवावं.

आणि फोनबुकचं काय करायचं? भारतात बंद झालेला मोबाइल नंबर कायमचा बंद राहत नाही. किमान ९० दिवस थांबून तो नव्या ग्राहकाला दिला जातो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न आला तेव्हा दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं हीच बाब मांडली होती. म्हणजे आपल्याकडे ‘सुनीताकाकू’ या नावाखाली असलेला नंबर आज जालन्यातल्या एखाद्या अनोळखी तरुणाचा असू शकतो, आणि काकूंचे रिपोर्ट त्याला पोचू शकतात. आयफोनचा तो अंदाज नसला, तरी नाव एकाचं आणि नंबर दुसऱ्याचा ही स्थिती आपल्याकडे अशी तयार होते. स्वतः नंबर बदलताना जुनं सिम बंद करण्याआधी व्हॉट्सॲपमधलं ‘चेंज नंबर’ वापरावं, त्यानं खातं नव्या नंबरवर जातं आणि ग्रुपमधल्यांना कळतं. बँक, आधार, गॅस यांच्याकडचा नंबरही त्याच आठवड्यात बदलून घ्यावा, कारण ओटीपी जुन्याच नंबरवर जात राहतील. आणि बऱ्याच महिन्यांत बोलणं न झालेल्या माणसाला रिपोर्ट, मृत्युपत्राचा मसुदा किंवा पैशाचा व्यवहार पाठवायचा असेल, तर आधी साधा फोन लावून आवाज ऐकावा.